बेचाळीस लंगोटांची हकिगत

ती. आक्कास,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, तेव्हा जेवढी वाकली तेवढी पुरेशी मानून घे.) तुझा खोकला कसा आहे? झोप लागते का? गरम पाणी पितेस, की "पिते, पिते" म्हणून भांडं तसंच झाकून ठेवतेस? खोकला पुरता गेल्याशिवाय बाळाला बघायला येऊ नकोस असं मीच तुला कळवलं होतं, आणि तू ते ऐकलंस याचं मला अजून आश्चर्य वाटतं. साठ वर्षांत तू माझं ऐकलंस अशी ही दुसरी गोष्ट. (पहिली कुठली ते आठवत नाही, पण एकच लिहिणं बरं दिसत नाही.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. पुढे वाचशील तेव्हा ते खोडून टाक.

फोन न करता पत्र का, हे तुला सांगायला नको. फोनवर मी हळू बोललो तर तुला ऐकू येत नाही आणि मोठ्यानं बोललो तर आमच्या चारही खोल्यांत ऐकू जातं. आज जे सांगायचंय ते चार खोल्यांत जाऊन चालणार नाही. म्हणून मागच्या खोलीत, दुकानातलं जुनं इस्त्रीचं टेबल आहे ना, त्यावर कागद ठेवून लिहितोय. मधे मधे उठावं लागेल. दोरीवर अठरा लंगोट आहेत आणि ऊन उतरत चाललंय. (बघून आलो. चौदा वाळलेत, चार दमट आहेत.)

तर मुळापासून सांगतो. लेकीच्या पोटावर टाके, तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं की सहा आठवडे जिन्याला पाय लावायचा नाही. आपलं घर तळमजल्यावर. तेव्हा मायलेकी दवाखान्यातून सरळ इथेच आल्या. जावईबापू कामावरून सुटले की येतात, हात धुतात, बाळाकडे बघतात, का कुणास ठाऊक पुन्हा हात धुतात आणि जातात. त्यांचा काडीचा त्रास नाही. विहीणबाई मात्र पहिल्या दिवसापासून म्हणतायत की बाळ-बाळंतीण त्यांच्याकडेच हवी होती, कारण त्यांच्या इमारतीला लिफ्ट आहे. आता त्या तुझ्याच इमारतीत राहतात, हे स्थळही तूच सुचवलंस, तेव्हा तिथे लिफ्ट आहे हे मला ठाऊक आहे. तू वीस वर्षं त्याच लिफ्टनं ये-जा करतेस, पण तू कधी चार माणसांत तिचा विषय काढला नाहीस. विहीणबाई अशा बोलतात की वाटावं, ती लिफ्ट त्यांनी स्वतःच्या हातानं दोर ओढून वर चढवली.

बाळाचं नाव अजून ठरायचंय. (याद्या तीन आहेत, भांडणं चार.) तूर्त आम्ही तिला पुरचुंडी म्हणतो. दुपट्यात गुंडाळून ठेवली की इतकीशी दिसते की वाटतं कुणीतरी पैशांची गाठ बांधून विसरून गेलंय. आज ती बावीस दिवसांची झाली. दवाखान्यातून निघताना त्यांनी एक माहितीपत्रक दिलं होतं, ते घरात अकरा वेळा वाचणारा मी एकटाच. तुला माहीत आहे, सातवीनंतर मी जे काही शिकलो ते डाग काढायच्या पुस्तकांतून. पण छापलेला कागद हातात आला की तळाचा छापखान्याचा पत्तासुद्धा मी सोडत नाही. त्यात लिहिलं होतं, बाळाला हात लावण्याआधी प्रत्येकानं साबणानं हात धुवावेत. "प्रत्येकानं" या शब्दाखाली मी लाल रेघ मारली आणि दाराशीच बादली, साबण आणि टॉवेल मांडून बसलो. एकही माणूस सोडला नाही. वीजमीटरचे आकडे घ्यायला आलेल्या माणसाला कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि नखं तपासली. बिचारा म्हणाला, "काका, मीटर बाहेरच्या भिंतीला आहे." मी म्हटलं, असेना, तुमच्या अंगावरनं गेलेली हवा आत येते. त्यानं धुतले. जाताना मात्र त्यानं शेजारणीला विचारलं की या घरात कुणाचं ऑपरेशन चाललंय का.

आणि एवढा पहारा करणाऱ्या मला बाळ मात्र कुणी हातात देईना! एकेचाळीस वर्षं धुलाईचं दुकान चालवलं, गरम पाणी आणि सोड्यानं तळहातांची काय दशा झालीय ते तुला ठाऊक आहे. ही म्हणाली, "तुमच्या हातांनी कढई घासा, पोर नको." (ही सध्या फार बोलते. आजी झाल्यापासून तिला वाटतं, मी घरात नुसता राहायला आलोय.) दर मंगळवारी दवाखान्यातून एक नर्सबाई वजनकाटा खांद्याला अडकवून येतात, त्यांना मी हात दाखवले. त्या म्हणाल्या, स्वच्छ आहेत, खरखरीत आहेत, तेल चोळा, कापडातून धरलंत तर काही होत नाही. पण हे ऐकायला ही खोलीत नव्हती, आणि मी तिला जाऊन सांगितलं नाही. खरं सांगतो आक्का, मलाच भीती वाटत होती. वकिलांचे कोट, नवरीचे रेशमी पोशाख, बँडवाल्यांचे झालरीचे डगले, सगळं या हातांतून गेलं, एक धागा कधी सुटला नाही; पण त्या कुठल्याच कपड्याला मान सावरावी लागत नव्हती.

म्हणून मी लांबून शिकायचं ठरवलं. नर्सबाईंनी डोळे पुसायला शिकवलं, नाकाकडून कानाकडे, एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला नाही. मानेच्या घड्यांत दूध ओघळून साचतं ते ओल्या मऊ फडक्यानं टिपायचं, चोळायचं नाही, आणि घडी कोरडी करूनच मिटायची. (घड्यांबद्दल कुणी मला शिकवावं! पण इथे मी गप्प बसलो.) नाळेचा खुंट आपोआप गळेपर्यंत अंघोळ नाही, नुसतं अंग पुसायचं, त्याला काही लावायचं नाही, बांधायचं नाही, लंगोट त्याच्या खाली दुमडायचा. मग त्या लंगोट सोडायला लागल्या तशी मी भिंतीकडे तोंड केलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, भिंत काही करणार नाही, इकडे बघा. ती लाजत नाहीये, तुम्हाला कसली लाज? मुलगी आहे, पुसताना नेहमी पुढून मागे. मागून पुढे एकदासुद्धा नाही, नाहीतर लघवीच्या जागेला जंतू लागतात." मी तोंड वळवलं, बघितलं आणि दुकानाच्या पाटीच्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर "पुढून मागे" असं लिहून पाळण्याच्या वर टांगलं. हिनं ते दोन दिवसांत काढलं. म्हणाली, येणारा-जाणारा पाळण्याऐवजी तेच वाचत उभा राहतो.

(थांब, ती रडतेय. नाही, थांबली. लेकीनं घेतलं.)

दहाव्या दिवशी मात्र माझं नशीब उघडलं. तोवर लंगोट ही धूत होती, म्हणजे भिजवायचे, दोनदा घोळायचे, दोरीवर कसेतरी फेकायचे. टोकाला टोक नाही, पिळलेला पीळ तसाच. मला ते बघवेना. मी म्हटलं, हे खातं आजपासून माझं. बेचाळीस लंगोट, चौदा झबली, नऊ दुपटी. हिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि बादली सरकवली. आक्का, त्या दिवशी मी कित्येक वर्षांनी बाह्या वर केल्या. मागच्या खोलीतलं सामान दुकान बंद केल्यापासून तसंच होतं. डबे पुसले, दोरी ताणली, इस्त्रीचा तळ घासून घेतला. हातांना काही सांगावं लागलं नाही. कुठल्या पाण्यानंतर कुठलं पाणी, कशात काय आणि किती, सगळं त्यांना पाठ. माझं डोकं नुसतं मागनं बघत होतं. संध्याकाळी मी इस्त्री केलेल्या बेचाळीस लंगोटांची चळत पाळण्याशेजारी नेऊन ठेवली तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, यांना हात लावायची भीती वाटते." मी ते कौतुक समजलो. दुसऱ्या दिवशी म्हणाली, उलगडताना आवाज येतो. तेही कौतुक समजलो. माझं कौतुक व्हायला फार वर्षं झाली होती, आक्का, त्यामुळे मी भाव-ताव न करता जे आलं ते घेत गेलो.

अकराव्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. सकाळी लंगोट भिजवायला घेतला तर घडीतून एक काळपट, वाळका तुकडा खाली पडला. दुकानात एवढी वर्षं काढलेला माणूस मी, मला पहिल्यांदा वाटलं, बटण तुटलं. मग लक्षात आलं की बाळाला बटणं नसतात. हातातलं तिथेच टाकून धावलो, ओरडलो, "हिचं काहीतरी सुटलंय!" लेक टाक्यांसकट उठून बसली, ही हातातल्या डावासकट आली. बघितलं तर नाळेचा खुंट गळला होता, गळायचाच होता, बेंबी स्वच्छ आणि कोरडी. त्या प्रसंगी हिनं जे शब्द वापरले ते पत्रात लिहिण्यासारखे नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे दुपारी विहीणबाई आल्या, हात धुतले, आणि पिशवीतून बाळाच्या पावडरीचा हा एवढा डबा काढला. लिंबाच्या फुलांचा वास, झाकणाला गोंडा. मायेनं आणला होता, ते दिसत होतं. त्यांनी पुरचुंडीला अशी पावडर लावली की ती शिंकली.

आणि बाराव्या दिवशी संध्याकाळी चट्टे उठले. कमरेभोवती आणि दोन्ही मांड्यांवर, लाल, रेघ ओढल्यासारखे. पोर ओली झाली की किंचाळायची. एवढा जीव, आणि त्याचा तो आवाज ऐकला की मला या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून अंगणात, असं होऊन जायचं. दोन दिवसांत मी घरातल्या घरात दुसऱ्या गावाला जाऊन आलो असेन. मग मी चौकशी बसवली. लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघून काय सांडलं, कधी सांडलं, कुणी सांडलं हे सांगणारा माणूस मी; मला चट्ट्यांचं कळणार नाही? साबण बदलला. हिला विचारलं अंघोळीचं पाणी किती गरम होतं, तिनं माझा हात धरून बादलीत बुडवला. जावईबापूंनी आणलेली झबली दोन वेळा उलटीसुलटी करून बघितली. ते भिंतीला टेकून उभे होते. शेवटी तारखा मांडल्या. बाराव्या दिवशी चट्टे, अकराव्या दिवशी पावडर. अजून काय पुरावा हवा? दहाव्या दिवशी काय झालं होतं हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "भाऊ, माझ्या तिन्ही मुलांना मी हीच पावडर लावली, एकालाही कधी काही झालं नाही." मी म्हटलं, तुमची मुलं जाड कातडीची असतील. त्या तिघांतला एक खोलीतच होता. जावईबापू हात धुवायला गेले. विहीणबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ठीक आहे. पुढच्या रविवारपर्यंत चट्टे गेले नाहीत तर सोमवारी मी गाडी घेऊन येते आणि दोघींना घेऊन जाते. इथे बाळाचं अंग सोलून निघतंय. तिकडे उजेड आहे, वारा आहे, लिफ्ट आहे. मी विचारलं, लिफ्टनं चट्टे जातात का? ही मधे पडली म्हणून तेवढ्यावर थांबलं. पण सोमवार ठरला तो ठरलाच. लेक थकलेली होती, ती उशीवर डोकं ठेवून नुसती म्हणाली, "काय ते तुम्ही ठरवा, मला झोपू द्या." आक्का, तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. ती गेली तर गेली, असं कुणी म्हणेल, शहराच्या दुसऱ्या टोकाला तर जाणार. पण मी काय निमित्तानं रोज जाणार? तिथे धुण्याचं यंत्र आहे.

या मंगळवारी नर्सबाई आल्या. लेक अंघोळीला गेली होती, ही स्वयंपाकघरात. खोलीत मी, नर्सबाई आणि पुरचुंडी. त्यांनी लंगोट सोडला, चट्टे बघितले, मांडीची घडी बोटानं उघडून बघितली आणि म्हणाल्या, गंमत आहे, घडीत काही नाही. मी लगेच पावडरीची सगळी हकिगत तारखांसह सांगितली. त्या म्हणाल्या, पावडर घडीत साचते आजोबा, पावडरीनं झालं असतं तर घडी लाल असती. हे तर जिथे कापडाची कड लागते तिथेच आहे. असं म्हणून त्यांनी माझ्या चळतीतला वरचा लंगोट उचलला. उलगडायला गेल्या तर तो उलगडेना. मग त्यांनी तो टेबलाच्या कडेवर आपटला. टक्. आक्का, कापडाचा नाही, फळीचा आवाज. त्यांनी तो टेबलावर आडव्या कडेवर ठेवून हात काढून घेतला, आणि तो लंगोट उभा राहिला. एकटा, आधाराशिवाय, न्यायाधीशांच्या कॉलरसारखा, पांढराशुभ्र, निळीची झाक मारलेला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. त्यांनी विचारलं, "शेवटच्या पाण्यात काय घालता?"

खळ. चांगली शिजवलेली, गाळलेली, दाट खळ आणि दोन थेंब नीळ. एकेचाळीस वर्षं शेवटच्या पाण्यात तेच घातलं, दुसरं काही घालतात हे माझ्या हातांना माहीतच नाही. वकिलाच्या कॉलरला जी खळ, तीच मी बारा दिवसांच्या पोरीच्या मांड्यांना बांधत होतो, दिवसातून पंधरा वेळा, वर इस्त्री मारून. आणि न्यायाला मीच बसलो होतो!

नर्सबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, सौम्य साबण, साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढा, उन्हात वाळवा, बस. ओला झाला की लगेच बदला, थोडा वेळ उघडंच वाऱ्यावर राहू द्या, चार दिवसांत जाईल. मग दाराशी चपला घालताना त्यांनी विचारलं, घरात तुम्ही सांगता की मी सांगू? मी म्हटलं, मी सांगतो. त्या बरं म्हणाल्या, आणि जाता जाता आत बघून मोठ्यानं म्हणाल्या, "आणि ती पावडर बंद करा हं, बाळाच्या श्वासातून आत जाते." झालं! हिनं स्वयंपाकघरातून तेवढंच शेवटचं वाक्य ऐकलं. बाहेर आली ती विजयी मुद्रेनं. "बघा, मी म्हणत नव्हते? पावडरच!" आता तूच सांग, तिथे मी काय बोलणार होतो? बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ती फोन लावायला गेली.

त्या दुपारपासून मी एकेचाळीस लंगोट साध्या पाण्यात काढले. (बेचाळिसावा, तो उभा राहिलेला, तसाच ठेवलाय. का ते मला विचारू नकोस.) खळ सहजासहजी सुटत नाही, आक्का, मी घातलेली तर नाहीच. पाच-पाच पाणी काढली, मग एकेक लंगोट हातात घेऊन कागदासारखा चुरगाळला. माझ्याच हातांनी कपडे चुरगाळायची वेळ आली. काल चट्टे फिके झाले. आज फक्त गुलाबी रेघ उरलीय आणि पोर ओली झाली तरी नुसती कुरकुरते. घरात सगळे म्हणतात, पावडर थांबवली, गुण आला.

विहीणबाई मंगळवारपासून आलेल्या नाहीत. लेकीला फोनवर म्हणाल्या, माझ्या हातानं बाळाला त्रास झाला, मी आता लांबूनच बघेन. सोमवारची गाडीही त्यांनीच रद्द केली. म्हणजे मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. पुरचुंडी इथेच राहणार, लंगोटांचं खातं माझ्याकडे, आणि मी जिंकलो. बुधवारी लेकीला सांगायला गेलो, तिच्या पलंगाशी उभा राहिलो आणि म्हणालो, आज ऊन छान पडलंय. गुरुवारी हिला सांगायला गेलो, तर तिच्या हातात सुरी होती. आज सकाळी सरळ विहीणबाईंना फोन लावला. त्यांनी उचलला, त्यांचा आवाज असा होता की मी विचारलं, तुमच्याकडे पाणी कधी येतं. "सहाला," म्हणाल्या. मी आभार मानले आणि ठेवला.

असो. (चारही लंगोट वाळले. घेऊन आलो.) पत्र लांबलं. आता प्रकृतीला जप, आणि घरातल्या सगळ्यांना आमची आठवण सांग.

तुझाच, लहानपणी तू ज्याची नखं कापायचीस तो,
भाऊ

ता. क. आता खरं काम लिहितो. विहीणबाई रोज चार वाजता तुझ्याकडे चहाला खाली उतरतात. हे पत्र मिळालं की त्यांना समोर बसव आणि मोठ्यानं वाचून दाखव. मला तोंडानं सांगता येत नाहीये. तू चौथीत असताना माझ्या वतीनं मास्तरांना जाऊन सांगायचीस, तसंच समज. त्यांच्या पावडरीनं काही झालं नाही, हे त्यांना मंगळवारीच कळायला हवं होतं, चार दिवस उशीर झालाय. आणि कळल्यावर त्या बाळाला घेऊन गेल्या तर घेऊन जाऊ देत.

ता. क. दुसरा. वाचताना काही ठिकाणं गाळ. लिफ्टचं सगळं गाळ. जाड कातडीचं गाळ, ते त्यांना माहीत आहे, पुन्हा कशाला. शिंकल्याचं गाळ. हिनं वापरलेल्या शब्दांचा नुसता उल्लेख आहे, तोही गाळ, ही त्यांना भेटली तर विचारतील कुठले शब्द. कबुली मात्र एका अक्षरानंही गाळू नकोस. ती जिथे येते तिथे हळू वाच.

ता. क. तिसरा. पाकीट शोधतच होतो, तेवढ्यात दारात विहीणबाई! हात धूत होत्या. मी सांगायच्या आत नखंही पुढे केली. म्हणाल्या, राहवलं नाही, उंबऱ्यातूनच बघेन आणि जाईन. आक्का, मी आत गेलो, तो बेचाळिसावा लंगोट आणला आणि त्यांच्यासमोर टेबलावर उभा केला. मग बोललो. मंगळवारपासूनचं सगळं बोललो, चारही खोल्यांत जाईल अशा आवाजात बोललो. त्यांनी एका बोटानं लंगोटावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि मटकन खुर्चीत बसल्या. रडल्या. "भाऊ, चार दिवस मी नीट जेवले नाही." मी म्हटलं, मीही नाही. "तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही गुन्हा केला होता," म्हणाल्या. मला ते पटलं. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती की तिचा वाटा मला सावकाश, पुरवून पुरवून मिळणार हे मी ओळखलं. मग विहीणबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, सोमवारची गाडी पुन्हा सांगते. मी म्हटलं, न्या. खरंच म्हटलं, आक्का.

तेवढ्यात आतून लेकीचा आवाज आला. "मला कुणी विचारणार आहे का?" ती म्हणाली की ती सोमवारी कुठेही जाणार नाही, टाके भरेपर्यंत इथे राहणार, आणि मग तिच्या स्वतःच्या घरी जाणार, तिच्या नवऱ्याकडे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर. तोवर दोघांपैकी कुणी तिच्या पोरीच्या अंगाला काहीही लावायचं, घालायचं किंवा शिजवायचं नाही, साधं पाणी सोडून. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. इतक्या दिवसांत आम्हा दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट वाटण्याची ही पहिली वेळ. मग त्या आत गेल्या, पुरचुंडीला घेतलं, मांडीवरची गुलाबी रेघ स्वतः बघितली, आणि पुन्हा डोळे भरून आले. आता डोळे पुसायचे तर हात पुन्हा धुवायला हवेत, हा नियम माझाच. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "धरा." मी म्हटलं, माझे हात खरखरीत आहेत. "ते तिला विचारा," म्हणाल्या आणि दिली.

तिनं एक डोळा उघडला, बघितलं आणि मिटला.

हे पत्र विहीणबाईच घेऊन येतायत, नाहीतरी त्या तुझ्याच इमारतीत चालल्यात. त्यांना सांगितलंय की आक्कानं वाचून दाखवेपर्यंत वाचू नका. त्या हो म्हणाल्या, पण चष्मा लावून म्हणाल्या. तेव्हा दुसरा ताजा कलम रद्द समज. अक्षर वाकडं येतंय त्याबद्दल रागावू नकोस. पाकीट चिकटवायला दोन हात लागतात आणि माझा एकच मोकळा आहे, म्हणून पत्र उघडंच येतंय.